आक्काताईंच्या पश्चात

पिंकी पाच महिन्यांची झाली आणि मी मेलेल्या माणसांच्या बातम्या लिहायला लागले. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे काम मुळीच पसंत नव्हतं. अंगावरचं लेकरू मांडीवर आणि हातात मढ्याची बातमी, असं त्या म्हणायच्या. पण मी मोबाईल घेऊन बसले की पिंकीला उचलून शेजारच्यांची शेळी दाखवायलाही त्याच न्यायच्या.

काम दिलं धोंडिराम काकांनी. आटपाडीत चाळीस वर्षं ते एका जिल्हा दैनिकाचे वार्ताहर. पेपर वाटतातही तेच आणि बातम्या पाठवतातही तेच. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते आमच्या दारात येऊन बसले आणि म्हणाले, क्रांती, तू बी. ए. हायस, घरातच असतीस, तेवढं निधन वार्तेचं सदर बघ. आमच्या भागाचं पान आठवड्यातून दोनदा निघतं, बुधवारी आणि सोमवारी. कामाची पद्धत त्यांनी मला चहा गार होईपर्यंत शिकवली. मोठ्या माणसाला दहा ओळी, बाकीच्यांना तीन. नाव, वय, आजार, आणि शेवटी 'त्यांच्या पश्चात' करून घरची माणसं.

"तेवढं पश्चातचं नीट बघायचं," ते म्हणाले. "वय चुकलं तर कोण इचारत न्हाई. जावई राहिला तर सगळा गाव दारात येतोय."

पिंकी दुपारी झोपायची तेवढाच माझा वेळ. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी वाजली नाही तर चाळीस मिनिटं. त्यात मी म्हसवडपासून खरसुंडीपर्यंतची माणसं तीन-तीन ओळींत बसवायचे. अल्पशा आजाराने, वृद्धापकाळाने, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने. लिहिताना वाटायचं, ही सगळी माणसं एकाच घरातली आहेत की काय. मग मी हळूच एक ओळ जास्तीची घालायला लागले. दिघंचीचे एक शिंपी गेले तेव्हा लिहिलं, की शाळेचा गणवेश शिवताना ते दोन बोटं कापड आत जास्त दुमडायचे, पोर वाढलं की उसवून सोडता यावं म्हणून. काका म्हणाले, ही कविता काढ. मी काढायला विसरले आणि ती छापून आली. दुसऱ्या दिवशी शिंप्यांच्या मुलीचा काकांना फोन आला, आणि ती नुसती रडत राहिली. काका संध्याकाळी येऊन म्हणाले, एखादी ओळ चालंल. पण एकच.

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी गावात दोन माणसं गेली.

माजी सभापती उदयसिंह आबा पहाटे सांगलीच्या दवाखान्यात गेले. नऊ वाजेपर्यंत स्टँडसमोर त्यांचा दोन माणसं उंच फ्लेक्स लागला, बाजारपेठ बंद झाली, आणि काकांनी मला आबांची दोन पानी माहिती फोटो काढून पाठवली. दूध संघ, पतसंस्था, हायस्कूल, तलाव, सगळं त्यात होतं. वय एकाहत्तर. पत्नी पूर्वीच वारलेल्या. पश्चात चिरंजीव वीरधवल आणि शिवतेज, सुना, नातवंडं. थोरले वीरधवल घरची शेती आणि संघ बघतात, धाकटे शिवतेज सैन्यात आहेत.

दुपारी आक्काताई गेल्या.

आक्काताई चंदनशिवे आमच्याच वस्तीतल्या. स्टँडवर झाडलोट करायच्या. सगळं गाव आबांच्या अंत्ययात्रेला गेलेलं, स्टँड रिकामा, आणि त्या हिरकणी कक्षाच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. सांगली गाडी लागली तरी उठल्या नाहीत, म्हणून गुंडा कंडक्टर हाक मारायला गेला. तेव्हा कळलं.

हिरकणी कक्ष म्हणजे स्टँडवर आयांनी लेकराला पाजायची खोली. बऱ्याच जणी तिच्यावरून जातात-येतात आणि आत कधी जात नाहीत. मीही गेले नसते. पिंकी दोन महिन्यांची असताना तिचं वजन वाढत नव्हतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी सांगलीला दाखवायला न्यावं लागायचं. रोहन, माझा नवरा, शिरवळला कंपनीत. तो शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा, त्यामुळे सोमवारच्या दवाखान्याला मी आणि आत्याच. पहिल्याच खेपेला पिंकीनं स्टँडवर असा सूर लावला की लोक माझ्याकडं वळून बघायला लागले, आणि तेवढ्यात आमची गाडी लागली. आक्काताईंनी हातातला खराटा भिंतीला उभा केला, माझा दंड धरला आणि मला खोलीत नेऊन बसवलं. आत एक न डगमगणारी खुर्ची होती, पिशवी अडकवायला खिळा होता, दाराला जुन्या लुगड्याचा धुतलेला पडदा होता. मी म्हणाले, आवं गाडी जाईल. त्या बाहेर गेल्या आणि पायरीवरूनच ओरडल्या, "थांब रं गुंडा, लेकरू पितंय."

आणि गाडी थांबली. आख्ख्या तालुक्यात एसटी थांबवून धरायची ताकद दोनच माणसांकडं होती, आबांकडं आणि आक्काताईंकडं. आबांनी ती शेवटची कधी वापरली, माहीत नाही. आक्काताई रोज वापरायच्या.

मी त्यांना एकदा त्यांच्याबद्दल विचारलं होतं. घर, माहेर, नवरा, मुलं. त्या म्हणाल्या, "माझं काय सांगू, तुझी गाडी लागली बघ." गाडी खरोखरच लागली होती.

तर त्या मंगळवारी पिंकीला झोपवून मी आधी आबांच्या दहा ओळी लिहिल्या. मग तोच मजकूर खाली उतरवून घेतला, म्हणजे नमुना पुन्हा टाईप करायला नको. आबांचं नाव काढून आक्काताईंचं घातलं. वय बासष्ट. दूध संघ, पतसंस्था, तलाव काढलं आणि माझी एक जास्तीची ओळ घातली: आटपाडी स्टँडवर लेकराला पाजणाऱ्या आईसाठी त्या एसटी थांबवून धरत. मग 'त्यांच्या पश्चात' इथं आले आणि थांबले.

कोणी नव्हतं. वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्यानं फार पूर्वी टाकलेली, मूलबाळ नाही, मिरजेला एक भाऊ होता तो कोरोनात गेला. रेशन कार्डावर एकच नाव. 'त्यांच्या पश्चात कोणी नाही' एवढं लिहायला किती वेळ लागतो? पण अंगठा हलेना. वाटलं, जरा विचार करून काहीतरी बरं सुचेल. तेवढ्यात शेजारचा कुकर वाजला, पिंकी उठली, आणि काकांचा फोन आला की पान लागतंय, पाठव लवकर. मी एका हातानं पिंकीला थोपटत दुसऱ्या हातानं पाठवून दिलं.

बुधवारी सकाळी सात वाजता काका पेपरची घडी काखेत घेऊन आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिघडलंय. घडी उघडून त्यांनी बोट ठेवलं. आक्काताईंच्या तीन ओळींच्या शेवटी छापून आलं होतं: त्यांच्या पश्चात चिरंजीव वीरधवल व शिवतेज, सुना, नातवंडे असा परिवार आहे.

वीरधवलांचा फोन काकांना सहा वाजताच आला होता. काकांनी तो मला थोडक्यात सांगितला. वडिलांच्या चितेचा विस्तव विझला नाही तोवर पेपरानं आमची आई बदलली, असं ते म्हणाले होते. आई त्यांच्या लहानपणीच गेलेली, तिचं नाव राहिलं बाजूला आणि स्टँड झाडणाऱ्या बाईचे आम्ही पोरगे झालो, असंही म्हणाले होते. पुढं आणखी काहीतरी होतं, तिथं काका अडखळले.

"पुढं काय म्हणाला ते सांगा की," आत्या आतून म्हणाल्या.

"राहू दे वयनी."

आत्यांनी पुन्हा विचारलं नाही. आमच्या वस्तीत असलं न सांगितलेलं सगळ्यांना कळतं.

खरं सांगायचं तर मला वीरधवलांचा रागही आला नाही. आईची जागा दुसऱ्या कुणाला गेली तर माणूस चिडणारच. चूक माझी होती. काका मला रागावले नाहीत, आणि ते जास्त लागलं. म्हणाले, सोमवारच्या पानात दुरुस्ती द्यायची, रविवारी चारपर्यंत पाठव. मजकूर त्यांनी उभ्या उभ्याच सांगितला: आबांच्या मुलांची नावं आक्काताईंच्या निधन वार्तेत चुकून पडली, आक्काताई चंदनशिवे यांच्या पश्चात कोणीही नाही, वाचकांनी दुरुस्त करून वाचावे.

मी मान हलवली. चार दिवस होते, आणि ओळी तीन.

गुरुवारी पिंकी झोपल्यावर बसले, लिहिता आलं नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी रोहन आला. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, लिहून टाक ना, खोटं थोडीच आहे. खोटं नव्हतं, तेच तर अवघड होतं. ज्या बाईचं नाव बासष्ट वर्षांत कधी पेपरात आलं नाही, तिचं पहिल्यांदा आलं ते चुकीसकट आलं. आता दुसऱ्यांदा येणार, आणि ते तिला कोणी नाही हे तीन तालुक्यांना सांगायला. शिवाय ते मी सांगायचं. तिच्या खुर्चीवर बसून माझ्या लेकीनं निम्मं वजन भरून काढलं होतं.

रोहननं माझ्याकडं बघितलं आणि पिंकीला घेऊन बाहेर गेला. मी रिकाम्या खोलीत मोबाईल धरून बसले, पण तरीही ओळ उमटली नाही.

रविवारी अकरा वाजता समाज मंदिरात आक्काताईंचा जलदान विधी होता. करायला घरचं कुणी नाही, म्हणून वस्तीनंच ठरवलेला, आणि लोकांना सुट्टी असते म्हणून रविवारी. आत्यांनी सकाळीच पांढरं लुगडं नेसून सतरंज्या झाडल्या. आक्काताईंचा फोटो मिळता मिळत नव्हता. शेवटी कुणाच्या तरी बारशाच्या व्हिडिओतून एक काढला, त्यात त्या हसत होत्या आणि कडेला कुणाचा तरी हात आला होता. तो हात तसाच ठेवून फोटो मोठा केला. मी मनात धरलं होतं, पंधरा-वीस माणसं येतील, सगळी वस्तीतली.

साडेदहाला पहिली बाई आली. ओळखीची नव्हती. कडेवर दीड वर्षाचा मुलगा. म्हसवडहून आल्या होत्या, नाव पल्लवी. माहेर आटपाडीच्या खालच्या अंगाला, म्हणून स्टँडवर येणं-जाणं. पेपरात वाचलं, आजच्या कार्याचं स्टँडवर कळलं म्हणाल्या, आक्काची पोरं कुठली ती बघावी, त्यांना भेटावं, म्हणून आले. मी त्यांना पाणी दिलं आणि पोरांबद्दल काही बोलले नाही. मग दोघी विट्याकडून आल्या. मग एक नर्सबाई. मग शाळेत जाणाऱ्या मुलीचा हात धरून एक बाई, ती मुलगी फोटोकडं बघून म्हणाली, ही लिमलेटच्या गोळीवाली आज्जी. अकरा-बारा बायका झाल्या, आणि प्रत्येकीनं येऊन दबक्या आवाजात तेच विचारलं. तिची माणसं कुठायत?

आत्या माझ्याकडं बघायच्या आणि मी सतरंजीकडं.

मेणबत्ती लागली, त्रिशरण-पंचशील झालं. मग आदरांजलीला ज्यांना बोलायचं आहे त्यांनी उठावं, असं सांगितलं. आमच्याकडं माईक वगैरे नसतो. उठायचं, फोटोकडं तोंड करून बोलायचं आणि बसायचं. गुंडा कंडक्टर ड्युटीच्या कपड्यातच आला होता. तो पहिल्यांदा उठला. म्हणाला, मी सतरा वर्षं आटपाडी-सांगली गाडीवर हाय, आणि सतरा वर्षांत मला जेवढे उशीर झाले त्यातले निम्मे ह्या बाईनं केले. साहेबांना मी दर वेळी नवं कारण सांगायचो. टायर पंक्चर, गुरं आडवी आली, रेल्वे फाटक. एकदा साहेब म्हणाले, गुंडा, तुझ्या रस्त्याला रेल्वे फाटक कुठाय? लोक हसले. तोही हसला, आणि हसता हसताच टोपी काढून खाली बसला.

त्या हशातच मला दाराबाहेर कडुलिंबाखाली एक माणूस उभा दिसला. तिशीचा, पांढरा सदरा, केस अगदी बारीक कापलेले, उभं राहणं सरळ. आत येत नव्हता, जातही नव्हता. मी पिंकीला घेऊन बाहेर गेले. कोण पाहिजे विचारलं, तर तो म्हणाला, निधन वार्ता लिहिणाऱ्या ताई कोण आहेत? काकांनी इथं भेटतील सांगितलं. मी शिवतेज.

वाटलं, थोरल्यानं काकांना सुनावलं, आता धाकटा मला सुनावायला आला. मी लगेच म्हणाले, चूक माझीच आहे, आजच दुरुस्ती पाठवते, चार वाजायच्या आत.

"पाठवलीय का अजून?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला. मग खाली बघत, थांबत थांबत सांगायला लागले. एकोणीस वर्षांचे असताना ते आबांच्या मनाविरुद्ध भरतीला गेले. आबांना वाटत होतं दोन्ही पोरांनी गावात राहून संघ बघावा. ट्रेनिंगला निघाले त्या दिवशी घरातून पोचवायला कुणी आलं नाही. ज्यांच्या नावानं तालुक्यात शंभर माणसं गोळा व्हायची त्यांचा मुलगा पत्र्याची ट्रंक घेऊन एकटा स्टँडवर, आणि ओळखीचं कुणी बघू नये म्हणून कंट्रोलरच्या केबिनमागं तोंड लपवून रडत होता. आक्काताई झाडत झाडत तिथं पोचल्या. काही विचारलं नाही. एक चहा आणून दिला, तो प्यायला लावला, ट्रंकेला हात लावला आणि गाडीत बसवलं. गाडी वळेपर्यंत खराटा वर धरून हलवत राहिल्या.

"तवापासून अकरा वर्षं," शिवतेज म्हणाले. "सुट्टीला आलो की स्टँडवर पहिली तीच. 'आलास व्हय?' एवढंच म्हणायची. जाताना 'पोचला की कळव.' आता कळवणार कसं, तिच्याकडं फोन न्हाई. तरी मी पोचलो की मनात म्हणायचो, पोचलो गं."

पिंकीनं हात पुढं करून त्यांच्या सदऱ्याचं बटण धरलं. ते तसंच राहू देऊन ते पुढं बोलले.

"आबांच्या अंत्यविधीला अकरा भाषणं झाली, ताई. चांगलीच झाली. आबा मोठे होते, खोटं कुणी बोललं न्हाई. पण त्यात मला वळखीचं काय सापडंना. मग बुधवारचा पेपर हातात पडला. दादा ओरडत होता, आणि मी तीच ओळ परत परत वाचत होतो."

मी पिंकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"दादाचं नाव काढा," ते म्हणाले. "त्याला आईची लय आठवण हाय. त्याचं बरोबर हाय. माझं राहू द्या."

मी म्हणाले, आत चला, आदरांजली चालू आहे. तर ते दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, वडिलांना जाऊन सहावा दिवस. सुतक आहे, दुसऱ्याच्या घरच्या कार्यात कसं यायचं, मी इथूनच हात जोडतो.

आत्या कधी माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलं नव्हतं. त्यांनी किती ऐकलं तेही ठाऊक नाही. लुगड्याचा पदर नीट करत त्या पुढं झाल्या.

"आमच्यात सुतक नसतंय," त्या म्हणाल्या. "आत ये."

आबांच्या घरच्या माणसाला आमच्या वस्तीत कुणी अरे-तुरे केलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शिवतेजनी चपला काढल्या, त्या भिंतीकडेला सरळ लावल्या आणि आत्यांच्या मागोमाग आत गेले.

पुढच्या माणसानं त्यांना खुर्ची द्यायला हाक मारली, पण ते मागं सतरंजीवर गुंडाच्या शेजारी बसले. त्यांची पाळी आली तेव्हा उठले, फोटोकडं तोंड करून उभे राहिले. एवढंच म्हणाले, "पोचलो गं." आणि बसले.

काय बोलले ते बऱ्याच जणांना कळलं नाही. पण म्हसवडच्या पल्लवीताई वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मी मान हलवली. पेपरातले ते हेच, म्हणून.

त्यानंतर बायका एकेक करून उठायला लागल्या. एवढ्या माणसांत फोटोसमोर उभं राहून बोलायची कुणाला सवय नव्हती. कुणी दोन वाक्यं बोललं, कुणी एक. एकीनं सांगितलं की पहिल्या बाळंतपणानंतर दूध येत नव्हतं तेव्हा आक्कानं भिंतीकडं तोंड करून बसायला सांगितलं आणि स्वतः दारात पाठमोरी बसून कुणाच्या तरी लग्नातली गंमत सांगत राहिली, गंमत संपायच्या आत दूध आलं. एकीनं काहीच सांगितलं नाही, नुसतं लेकराला फोटोपुढं धरलं. बसताना प्रत्येक बाई आपलं गाव आणि लेकराचं नाव सांगत होती, जसं शाळेत हजेरीला सांगतात तसं. त्यांना तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आले तेव्हा तीन वाजले होते. पिंकी खांद्यावरच झोपलेली. तिला खाली ठेवलं आणि तिथंच जमिनीवर बसून लिहिलं. या वेळी अंगठा थांबला नाही.

'दुरुस्ती: बुधवारच्या अंकात आक्काताई चंदनशिवे यांच्या निधन वार्तेत श्री. वीरधवल यांचे नाव चुकून प्रसिद्ध झाले. ते माजी सभापती उदयसिंह आबा यांचे ज्येष्ठ चिरंजीव आहेत. श्री. शिवतेज यांचे नाव दोन्ही निधन वार्तांत बरोबर आहे. आक्काताईंच्या पश्चात चिरंजीव शिवतेज, तसेच आटपाडी, म्हसवड, विटा व परिसरातील, स्टँडवर त्यांच्या राखणीत दूध प्यालेली मुले असा मोठा परिवार आहे. वाचकांनी दुरुस्त करून वाचावे.'

पाठवून दिलं. पाच मिनिटांत काकांचा फोन.

"चाळीस वर्षांत असली दुरुस्ती मी पाठवली न्हाई," ते म्हणाले.

मी म्हणाले, काका, शिवतेजनी स्वतः सांगितलंय.

"मला म्हाईत हाय. त्यानं पत्ता माझ्याकडनंच घेतला." मग म्हणाले, "सात ओळी झाल्यात. बारक्याला तीन असं मी तुला सांगितलं होतं का न्हाई?"

मी हो म्हणाले.

"हितं बारकं कोण हाय?" ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

सोमवारी ती जशीच्या तशी आली. वीरधवलांचा फोन आला नाही. काका म्हणाले, आला न्हाई हेच लय झालं. पण त्यानंतरच्या आठवड्यात काकांनी मला एक गोष्ट सांगितली. आबांच्या तेराव्याला घरातल्या जुन्या फोटोंसाठी वीरधवलांनी पेटी उघडली होती, आणि आईचा एक फोटो काकांकडं पाठवला होता, पुढच्या वर्षी तिच्या स्मृतिदिनाला छापायला. सोबत चिठ्ठी होती: आईबद्दल एक ओळ त्या ताईंनाच लिहायला सांगा. मी अजून लिहिलेली नाही. त्यासाठी एकदा त्यांच्या घरी जाऊन, ती काय करायची, कशी हसायची, हे विचारावं लागेल. जाईन.

तेराव्यानंतरच्या सोमवारी पिंकीला सांगलीला दाखवायचं होतं. मी आणि आत्या स्टँडवर गेलो. पायरी झाडलेली होती. कुणी झाडली कुणास ठाऊक, पण खराटा भिंतीला तसाच उभा होता. फलाटावर शिवतेज होते, डोक्यावर टोपी, खाली तीच पत्र्याची ट्रंक. सुट्टी संपली होती. आणि गंमत म्हणजे थोडं लांब, मोटारसायकलवर बसून, मोबाईलमध्ये तोंड घालून वीरधवल होते. भावाला पोचवायला आले होते आणि आपण पोचवायला आलोय हे कुणाला दिसू नये अशा बेतानं बसले होते.

गाडी लागली. लोक चढले. शिवतेज खिडकीशी बसले. मी पाय उचलणार तेवढ्यात पिंकीनं सूर लावला, तोच, पहिल्या दिवसाचा. मी आत्यांकडं बघितलं. पुढच्या गाडीनं जाऊ म्हणणार होते.

आत्यांनी पिशवी माझ्या खांद्यावरून काढून घेतली आणि लुगड्याचा पडदा बाजूला केला. मी आत खुर्चीवर बसले. पडद्याच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. पायरीवर बसल्या, पाय नीट घेतले, घसा खाकरला. आयुष्यात चारचौघांत मोठ्यानं न बोललेली ती बाई स्टँडभर ऐकू जाईल अशी ओरडली.

"थांब रं गुंडा, लेकरू पितंय."

बाहेर घंटीच्या दोरीवर गेलेला गुंडाचा हात खाली आल्याचं मला आतूनही समजलं. इंजिन बंद झालं. कुणीतरी कुरकुरलं, त्याला गुंडा म्हणाला की पुढं रेल्वे फाटक पडलंय. पिंकी गटागटा पीत होती, एक हात बाहेर काढून हवेत हलवत. खिडकीतून शिवतेज पायरीकडं बघत होते, आणि आत्या त्यांना सांगत होत्या की पोचला की कळव, माझ्याकडं फोन हाय.